हवेचे यंत्र बिघडले तर

नळदुर्गाच्या अलीकडे, सोलापूर-हैदराबाद हमरस्त्याच्या कडेला टायरचे एक छोटे दुकान आहे. पत्र्याची शेड, बाहेर लटकावलेले जुने टायर, आणि आत एका कोपऱ्यात आडवी टाकी असलेले हवेचे यंत्र. आपण सगळे त्याला कॉम्प्रेसर म्हणतो, मीही तेच म्हणेन. दुकानाचा मालक एके काळी माझ्याकडे कार्यशाळेत शिकलेला. घटस्थापनेला तीन दिवस राहिले असताना त्याचा फोन आला. "सर, मशीन दिवसभर पळतंय, पण काटा ऐंशीच्या वर सरकंना. ट्रकवाले येतेत अन् तसंच पुढं जातेत. काय करू? नवंच घेऊ का?"

नवरात्रात कर्नाटक-तेलंगणाकडून तुळजापूरला येणारी पुष्कळ वाहने याच रस्त्याने येतात. त्यामागून उसाचा हंगाम सुरू होतो आणि ट्रॅक्टर-ट्रॉल्यांची रीघ लागते. वर्षाची कमाई व्हायची ती या चार-पाच महिन्यांत. अशा वेळी कॉम्प्रेसर बसणे म्हणजे पेरणीच्या तोंडावर बैल बसण्यासारखे आहे. म्हणून त्याच्या दुकानात पुढे काय झाले ते सांगतो. ज्यांच्याकडे गॅरेज आहे, रंगकामाचे दुकान आहे, त्यांना त्यातून आपल्या यंत्राची परीक्षा करता येईल.

रेडिओवर चित्र काढून दाखवता येत नाही, तेव्हा यंत्र थोडे डोळ्यांपुढे आणा. मोटार पट्ट्याने मोठे चाक फिरवते. चाकामुळे पिस्टन खालीवर होतो. पिस्टन खाली गेला की पोलादाची एक पातळ पत्ती उघडते आणि गाळणीतून बाहेरची हवा आत येते. तो वर आला की ती पत्ती मिटते, दुसरी उघडते आणि दाबलेली हवा टाकीकडे जाते. टाकीच्या तोंडाशी एक एकेरी झडप असते, तिच्यातून हवा आत जाते पण मागे येत नाही. टाकी भरली की दाबाचा स्विच मोटार आपोआप बंद करतो. मोठ्या यंत्रात दोन सिलिंडर असतात. मोठा सिलिंडर हवा अर्धवट दाबतो, ती मधल्या नळीत थंड होते आणि धाकटा तिला पुरती दाबतो. ट्रकच्या टायरला ११० ते १२० पौंड हवा लागते, म्हणून हमरस्त्यावर असेच दुहेरी यंत्र हवे. मोटारसायकलच्या ३० पौंडांना एकेरी पुरते.

हातपंपाने ट्रकचे टायर फुगवणारे क्लीनर मी लहानपणी पाहिलेले आहेत. दोघांनी आळीपाळीने पंप मारायचा आणि घामाने निथळायचे. आपल्या देशात पुण्याला किर्लोस्कर न्यूमॅटिक १९५८ साली आणि कोइंबतूरला एल्जी १९६० साली सुरू झाली, तेव्हापासून देशी कॉम्प्रेसर हळूहळू खेड्यापाड्यांच्या रस्त्यांपर्यंत पोहोचला. असो.

मी त्याला फोनवरच तीन गोष्टी करायला सांगितल्या.

पहिली, टाकी पूर्ण रिकामी करून घड्याळ लाव. हा हिशेब कोणालाही जमतो. २०० लिटरच्या टाकीत १० किलोचा दाब आणायचा तर बाहेरची साधारण २००० लिटर हवा आत कोंबावी लागते. यंत्र मिनिटाला खरी २०० लिटर हवा देत असेल तर दहा मिनिटे लागली पाहिजेत. नवीन असताना किती वेळ लागत होता हे भिंतीवर खडूने लिहून ठेवले असेल, तर यंत्राचा श्वास किती कमी झाला हे पुढे केव्हाही कळते. दुर्दैवाने कोणी लिहून ठेवत नाही. त्याच्या यंत्राला पंचवीस मिनिटे झाली तरी काटा ८० पौंडांवर, म्हणजे साडेपाच किलोच्या आसपास, अडकलेलाच.

दुसरी, यंत्र चालू असताना गाळणीच्या तोंडावर तळहात धर. हात आत ओढला गेला पाहिजे. "सर, हवा उलटी हातावर मारतीया." तिथेच निम्मे निदान झाले. आत येणाऱ्या हवेची पत्ती मोडली होती किंवा तिच्याखाली काजळी अडकली होती.

तिसरी, यंत्र बंद कर आणि कान दे. बंद होताना एकदा 'फुस्स' झाले पाहिजे. नळीतली हवा सुटते ती, म्हणजे पुढच्या वेळी मोटारीला रिकाम्या नळीवर उठता येते. पण तो आवाज थांबतच नसेल तर एकेरी झडप गळते आहे. आणि मुळीच होत नसेल तर पुढच्या वेळी मोटार नुसती गुरगुरेल आणि उठणार नाही. आमचे लोक लगेच मोटार खोलून कंडेन्सर बदलतात, वाइंडिंग जळाले म्हणतात. दोष पुष्कळदा मोटारीत नसतो. टाकी रिकामी असताना मोटार मजेत उठते आणि भरलेली असताना उठत नाही, असे दिसले तर मोटारीला हात लावू नका. अर्थात आपल्याकडे संध्याकाळी व्होल्टेज पडते, तीन फेजपैकी एखादा फेज जातो. तेव्हाही मोटार गुरगुरते, आणि तशीच चालू ठेवली तर मात्र खरोखर जळते. फेज गेल्यावर मोटार तोडणारे उपकरण बसवून घ्या. वाइंडिंगच्या मानाने ते स्वस्त आहे.

त्याला या फुस्स आवाजात काही वावगे ऐकू आले नाही. दुसऱ्या दिवशी सकाळच्या एस.टी.ने मी गेलो.

यंत्र खोलण्याआधी मी मेन स्विच बंद करून फ्यूज खिशात टाकला आणि टाकी रिकामी केली. तो हसला. त्याला माझ्या उजव्या हाताचे मधले बोट आठवले असणार. ते अर्धेच आहे. फार वर्षांपूर्वी, बंद असलेल्या कॉम्प्रेसरचा पट्टा अंगठ्याने दाबून मी सैल आहे का पाहत होतो. टाकीतला दाब उतरला, स्विचने आपले काम केले आणि मोटार सुरू झाली. यंत्र थांबलेले होते, बंद केलेले नव्हते, हा फरक मला त्या दिवशी समजला. चूक माझी एकट्याची होती, कारण पट्ट्यावरची जाळी मीच काढून ठेवली होती.

हेड उघडले. मोठ्या सिलिंडरची पत्ती मधोमध मोडलेली होती, आणि दुसऱ्या पत्तीवर काजळीचा जाड थर. मोडलेला तुकडा सापडेपर्यंत मी पुढे गेलो नाही. तो आत राहिला तर नवी पत्ती बसवल्यावर तासाभरात सिलिंडर ओरबाडून टाकील. पिस्टनच्या डोक्यात रुतलेला मिळाला. सिलिंडरवर ओरखडा नव्हता, रिंगाही ठीक होत्या. रिंगा झिजल्या असत्या तर ब्रीदरमधून, म्हणजे तेलाच्या पेटीच्या श्वासनळीतून, धूर आणि तेलाचे शिंतोडे आले असते.

काजळी कुठून आली? मी तेल पाहिले. काळेकुट्ट. "कुठलं तेल घालतोस?" तो जरा ओशाळला. "ट्रकचं उतरवलेलं असतंय की, सर. गाळून घालतो." इंजिनातले वापरलेले तेल कॉम्प्रेसरमध्ये घालू नये. नवे इंजिन ऑईलसुद्धा शक्यतो टाळावे. हेडमधल्या उष्णतेने त्याची काजळी होते, काजळीने पत्ती नीट मिटत नाही, न मिटल्याने दाबलेली गरम हवा मागेपुढे होते, त्याने हेड आणखी तापते आणि पत्ती एक दिवस मोडते. कॉम्प्रेसरचे तेल वेगळे मिळते. एका डब्यामागे वाचवलेले पैसे त्याने पत्तीच्या सेटमध्ये घालवले होते, आणि गिऱ्हाईक गेले ते निराळेच.

तरीपण हा बिघाड लहानच. पत्त्या, गॅस्केट, नवी गाळणी. सोलापूरला निरोप दिला आणि सामान दुपारच्या गाडीने यायचे ठरले. इथवर त्याच्या प्रश्नाचे उत्तर सोपे होते. दुरुस्त कर, नवे कशाला?

सामान येईपर्यंत हाताला काम नव्हते म्हणून मी टाकीखाली वाकलो.

टाकीच्या तळाला पाणी सोडायची तोटी असते. ती हलेना. "कधी उघडली होतीस?" तो वडिलांकडे पाहू लागला. वडील शेडमध्येच बाजेवर बसलेले असतात. टाकीपासून दोन हातांवर त्यांची बाज, आणि शाळा सुटली की नात तिथेच दप्तर टाकून अभ्यासाला बसते. म्हातारबाबा म्हणाले, "मास्तर, मशीन आणल्यापसून ती तोटी कुणी उघडल्याली मला तरी आठवत न्हाई." यंत्र अकरा वर्षांपूर्वी जुन्यातच घेतलेले होते. पाइपपाना लावून तोटी काढली तेव्हा अर्धी बादली तांबडे पाणी आले, आणि शेवटी गंजाचा चिखल.

हवेत पाणी असते हे आपल्याला पावसाळ्यात वाळत न पडणाऱ्या धोतरावरून माहीत असते, पण टाकीच्या बाबतीत आठवत नाही. पावसाळी दिवसांत एक घनमीटर हवेत २० ग्रॅमच्या आसपास पाण्याची वाफ असते. आपली टाकी एकदा भरायला दोन घनमीटर हवा लागते, म्हणजे ४० ग्रॅम पाणी. दाबल्यावर आणि निवल्यावर त्यातले बहुतेक पाणी होऊन तळाशी बसते. दिवसातून दहा वेळा टाकी भरली तर दोन पेले पाणी झाले. उन्हाळ्यात आपल्याकडची हवा कोरडी, तेव्हा कमी. पण अकरा पावसाळे म्हणजे पुष्कळ झाले.

मी लहान हातोडीने टाकी वाजवत गेलो. बाजूंना खणखणीत, तळाला मात्र बद्द. रंगाला एका जागी फोड आलेला होता. नखाने काढला तर खाली ओल. बाहेरून टाकी दर दिवाळीला रंगवलेली, चकचकीत. वरच्या सुरक्षा झडपेवरही त्याच रंगाचे तीन-चार हात बसलेले, त्यामुळे ती कडी ओढूनही उघडेना. दाब जास्त झाला तर आपोआप उघडून हवा सोडणे हे तिचे काम.

"एवढंच ना? वेल्डरला बोलवतो, एक टाका मारून घेऊ," तो म्हणाला. मी नाही म्हटले. तेव्हा आमचा वाद झाला, आणि तो खराच वाद होता. पत्त्यांचा खर्च त्याने मनाशी धरला होता, टाकीचा धरला नव्हता. मुलीची फी, टायरच्या कंपनीची बाकी, सगळे त्याच्यापुढे उभे होते. माझे काय, मी संध्याकाळच्या गाडीने घरी जाणार.

मी जमिनीवर खडूने हिशेब मांडला. टाकीचा व्यास ४५ सेंटीमीटर. तिच्या एका टोकाच्या झाकणाचे क्षेत्रफळ जवळजवळ १६०० चौरस सेंटीमीटर. प्रत्येक चौरस सेंटीमीटरवर १० किलोचा रेटा, म्हणजे झाकणाला आतून १६ टनांचा धक्का. माल भरलेल्या दोन आसांच्या ट्रकच्या वजनाजवळ जाणारा हा आकडा आहे. आता पत्रा. नवा असताना तो ५ मिलिमीटर जाड धरला, तर त्याच्यावर दर चौरस सेंटीमीटरला ४५० किलो ताण येतो. साधे पोलाद २५०० किलोच्या आसपास ताणून लांबायला लागते, तेव्हा भरपूर राखीव बळ आहे. पण गंजून १ मिलिमीटरच उरला असेल तर ताण २२५०. राखीव काहीच नाही. टाका मारल्याने भोक बुजते, शेजारचा पातळ पत्रा जाड होत नाही. उलट झाळीच्या उष्णतेने तो आणखी बिघडतो. शिवाय टाकीत तेलाची वाफ असते, ती वेल्डिंगच्या ठिणगीने पेट घेऊ शकते.

नळदुर्गच्या किल्ल्यात दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या काळात बांधलेला बोरी नदीचा बंधारा आहे. त्याच्या पोटात पाणीमहाल. नदी भरली म्हणजे डोक्यावरून पाणी कोसळते आणि आत माणूस कोरडा उभा राहतो. तिथे आपल्याला पाण्याचा जोर दिसतो, ऐकू येतो, आणि भिंतीची जाडीही दिसते. टाकीच्या बाबतीत दोन्ही झाकलेले. म्हणूनच म्हातारबाबा तिच्याशेजारी निर्धास्त झोपत होते.

"सर, तुम्ही हिशेब दाखवताय, पण अकरा वर्षं चालली की ती," तो म्हणाला. शेवटी असे ठरले की टाकीलाच विचारायचे. ओळखीच्या एका बॉयलर दुरुस्तीवाल्याकडून दाब-चाचणीचा हातपंप दुसऱ्या दिवशी आणला. ही चाचणी नेहमी पाण्याने करतात, हवेने कधीही नाही. कारण सोपे आहे. पाणी दाबले तरी आकसत नाही म्हणण्याइतके थोडे आकसते. टाकी फुटली की थोडेसे पाणी बाहेर येते आणि दाब एकदम शून्य. हवा मात्र स्प्रिंगसारखी दबून बसलेली असते. फुटली तर पत्र्याचे तुकडे घेऊन बाहेर पडते. चाचणी चालू दाबाच्या दीडपट करायची, म्हणजे इथे १५ किलो. टाकी उघड्यावर नेली, वरचे भोक उघडे ठेवून काठोकाठ पाणी भरले, आत हवेचा बुडबुडाही राहू दिला नाही, आणि सगळ्यांना दूर उभे करून पंप मारू लागलो. ५ किलो, ८ किलो, १० किलो. तो माझ्याकडे पाहून हसला. ११ किलोला तळातून दोऱ्याएवढी चिळकांडी उडाली, आणि पुढचा हात मारताच टाकीचा तळ वीतभर उसवला. काटा खाली आला. जमीन भिजली, एवढेच.

रोज ती टाकी १० वर चालत होती. आणि त्याच्या दुकानातला काटा आम्ही चाचणीच्या काट्याशी ताडून पाहिला तेव्हा तो जवळजवळ एक किलो कमी दाखवत होता. म्हणजे पत्ती मोडायच्या आधी रोज काय घडत होते हे त्याचे त्यानेच ओळखले. तो काही बोलला नाही. आत जाऊन त्याने बाज शेडच्या दुसऱ्या टोकाला नेऊन टाकली.

१९४८ च्या कारखाने कायद्यात दाबाच्या यंत्रांसाठी ३१ वे कलम घातलेले होते. दाब सुरक्षित मर्यादेत राहील अशी व्यवस्था ठेवणे त्यात बंधनकारक होते. पण दोन माणसांच्या पंक्चरच्या दुकानाला कारखाना कोण म्हणणार? तिथे निरीक्षक येत नाही. तुमच्या टाकीचे निरीक्षण तुम्हालाच करावे लागते.

तर दुरुस्ती की नवे, हा प्रश्न सगळ्या यंत्राबद्दल एकदम विचारू नये असे माझे मत झाले आहे. भागाभागाने विचारावा. पत्त्या, गॅस्केट, पट्टा, एकेरी झडप, दाबाचा स्विच हे बदलायचेच भाग आहेत, त्यांच्यासाठी यंत्र टाकू नये. सिलिंडर झिजला, क्रँकचे बेअरिंग ठोकू लागले आणि मोटारही एकदा जळून भरलेली असेल, तर सगळ्याची बेरीज करा. ती नव्या यंत्राच्या निम्म्यावर गेली तर मी नवे घ्यायला सांगतो. टाकीला मात्र दुरुस्ती नाही. गंजलेली टाकी बदलायची.

त्याने टाकी तेवढी नवी घेतली, पाटी आणि चाचणीचा दाखला असलेली, आणि जुनेच हेड व मोटार तिच्यावर चढवली. माळेच्या चौथ्या दिवशी यंत्र सुरू झाले. तोवर तीन दिवस दुचाक्या हातपंपावर चालवल्या आणि ट्रकवाले शेजारच्या दुकानात पाठवले.

नवे यंत्र घेणाऱ्यांसाठी दोन शब्द. विक्रेता जो आकडा सांगतो तो बहुधा पिस्टनने ओढलेल्या हवेचा असतो. टाकीत पडणारी हवा त्याहून बरीच कमी, लहान यंत्रात दोन-तृतीयांश धरावी. म्हणून "प्रत्यक्ष हवा किती देते?" असे विचारा. त्यातून आपला धाराशिव बालाघाटावर, समुद्रसपाटीपासून साडेसहाशे मीटरच्या आसपास. इथली हवाच मुंबईपेक्षा शेकडा सहा-सात पातळ. नेमके बेताचे यंत्र घेतले तर ते दम खाते. मोटारीला थेट जोडलेली बिनतेलाची छोटी यंत्रे हल्ली स्वस्त मिळतात. घरच्या मोटारीपुरती ठीक आहेत, पण दिवसभर ट्रक भरायला लावली तर फार दिवस टिकत नाहीत. स्क्रूचे यंत्र उत्तम, पण ते सतत हवा लागणाऱ्या कारखान्यासाठी. पंक्चरच्या दुकानात ते परवडणार नाही.

आणि हवेची नळी कोणाच्या अंगावर रोखू नका, चेष्टेतसुद्धा. चेष्टेत पोटात हवा जाऊन माणसे दगावलेली आहेत.

परवा त्या बाजूने जाणे झाले. सकाळी दुकान उघडल्यावर पहिले काम तोटीतून पाणी सोडण्याचे, ते आता नातीकडे आहे. तिला तो आवाज आवडतो. भिंतीवर खडूने लिहिले आहे, 'टाकी भरायला १० मिनिटे', खाली तारीख. उसवलेल्या टाकीचे मी विचारले. भंगारवाला वजनाने मागत होता, पण त्याने ती उभी चिरून घेतली. तळाकडचा अर्धा भंगारात गेला. वरचा अर्धा भाग जाड आणि चांगला होता. तो पालथ्याचा उताणा करून, पाणी भरून दुकानापुढे ठेवला आहे, आणि त्यात बुडवून तो ट्यूबचे पंक्चर शोधतो.